‘आपल्या रक्ताचं नाही’

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो. दोघंही आता अमेरिकन नागरिक आहोत. ‘कारा’मार्फत, म्हणजे दत्तक प्रक्रिया पाहणाऱ्या भारत सरकारच्या प्राधिकरणामार्फत, महाराष्ट्रातल्या एका संस्थेतल्या चार वर्षांच्या मुलीची कागदपत्रं दत्तक घेण्यासाठी आली आहेत. तिला थॅलेसेमिया मेजर आहे. फोटो पाहिल्यापासून मला झोप नाही. साताऱ्याहून सासूबाई म्हणतात, “आपल्या रक्ताचं नाही, त्यात रक्ताचाच आजार. कशाला विकतचं दुखणं घेता?” नवरा गप्प आहे. नाही म्हटलं तर पाप लागेल का?

उत्तर : नाही लागणार. हे आधी सांगते, कारण तुझ्या पत्रातल्या याच शब्दाची मला धास्ती वाटली. पापाच्या भीतीनं मूल घरी आणलं, तर ‘आम्ही तुला आणलं’ हे कधीतरी भांडणात तोंडून निसटतं. तशी आणणार असशील तर नको आणूस.

आता फोटो बाजूला ठेव आणि आजाराकडे बघ. थॅलेसेमिया मेजर म्हणजे अंगात पुरेसं निरोगी रक्त तयारच होत नाही. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, म्हणजे तुमच्यापैकी एकाचा अख्खा दिवस हॉस्पिटलात. प्रत्येक पिशवीबरोबर अंगात लोह साठतं, हृदयात आणि यकृतातही. ते काढायला रोज औषध. परीक्षा असो, प्रवास असो, ती रुसलेली असो. हे नीट सांभाळलं तर अशी मुलं शिकतात, नोकरी करतात, संसारही करतात. हयगय झाली तर तेच लोह जिवावर बेततं. अस्थिमज्जा बदलून आजार बरा होऊ शकतो, पण जुळणारा दाता मिळण्याची सगळ्यात जास्त शक्यता सख्ख्या भावंडांत असते. अमेरिकेत 2022 मध्ये जनुकोपचाराला मान्यता मिळाली, त्यात दाता लागत नाही, रुग्णाच्याच पेशी वापरतात. तेव्हा जाहीर झालेली किंमत 28 लाख डॉलर. त्या आशेवर होकार देऊ नकोस. द्यायचा तर तीन-चार आठवड्यांच्या त्या फेऱ्याला दे.

कागद घेऊन लहान मुलांच्या रक्तविकारतज्ज्ञाकडे जा. फेरिटिन (अंगात लोह किती साठलंय हे सांगणारी रक्ततपासणी) किती आहे, हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या चाचण्या कधी झाल्या, विचार. नोकरीतल्या विम्यात दत्तक मुलाचं नाव साधारण 30 दिवसांत घालावं लागतं, आणि आधीचा आजार म्हणून तिला नाकारता येत नाही.

डॉक्टरांकडे नवऱ्यालाही ने. त्याचं गप्प राहणं मला आजारापेक्षा जास्त खटकतं. त्याला ‘हो की नाही’ विचारू नकोस. ‘रक्ताच्या दिवशी रजा कोण घेणार?’ असं विचार. तो मनापासून नाही म्हणाला, तर ते ऐक. पेलवणार नाही हे आधीच ओळखण्यात काही वाईट नाही.

सासूबाईंना एवढंच सांग, की ही पोर आजवर जगली ती अनोळखी माणसांनी दिलेल्या रक्तावर.

आणि एक. तुमच्या घरी मराठी बोलतात, हे तू पत्रात साधं लिहिलंही नाहीस. परक्या देशात सुई टोचताना ‘थोडंसं दुखेल हं बाळा, मी इथेच आहे’ हे तिला कळेल अशा भाषेत सांगणारं कुणी असणं, याचं मोल मोठं आहे. होकार दिलास, तर तिच्याशी इंग्रजी बोलायची घाई करू नकोस. इंग्रजी ती शाळेत शिकेल.