माळ्यावरचा टीव्ही गेम, मुस्तफा आणि पुढचा कन्सोल

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मिरजेच्या घरात माळा आवरताना लहानपणीचा टीव्ही गेम सापडला, दोन रिमोट, एक बंदूक आणि तीन कॅसेटींसकट. मुलगा चौथीत आहे. त्याला हाच लावून द्यावा की पन्नासेक हजार घालून नवा कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र) घ्यावा? आणि कन्सोल ही वस्तू दहा वर्षांनी राहणार तरी आहे का? तुमच्या प्रश्नाखाली काही जणांनी ‘जुनं ते सोनं’ म्हणून विषय संपवलाय, एकाने ‘आता सगळं मोबाईलवर’ म्हणून. मला दोन्ही पटत नाही, म्हणून जरा लांबण लावतो. चहा घेऊन बसा.

मी सांगलीचा, गावभागातला. १९९४ च्या दिवाळीत वडिलांनी मारुती रोडवरून टीव्ही गेम आणला. त्याला निन्टेन्डो वगैरे कोणी म्हणत नसे. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १५ जुलै १९८३ ला जपानात फॅमिकॉम नावाचा कन्सोल काढला आणि आपल्या हातात आली ती त्याची तैवान-चीनकडची नक्कल. आठ बिटचं यंत्र, कामाची मेमरी २ किलोबाइट. १९८५ चा सुपर मारिओ हा गेम अख्खा ४० किलोबाइटमध्ये बसवलाय. जागा वाचवायची म्हणून त्यातला वरचा ढग आणि खालचं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेला. हे एकदा डोळ्यांत भरलं की ते झुडूप परत कधी झुडूप दिसत नाही.

कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ छापलेलं असायचं. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही चौघं वही घेऊन मोजायला बसलो होतो. सहा गेम निघाले. बाकी सगळे तेच, कुठे मारिओ मधल्याच स्टेजपासून सुरू, कुठे कॉन्ट्रा या बंदूकबाजीच्या गेममध्ये लाईफ जास्त. आयुष्यातली पहिली जाहिरातबाजी तिथे कळली.

आता एक गंमत, कारण तुम्हीही यात सापडणार आहात. चार-पाच वर्षांपूर्वी मी लॅपटॉपवर एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) टाकून मारिओ लावला आणि पहिल्याच खड्ड्यात पडलो. परत पडलो. शेजारी पोरगं बसलेलं. वय झालं असं मनाशी म्हणून लॅपटॉप मिटवला. कारण कळलं ते महिनाभराने. हा गेम चित्रागणिक पुढे सरकतो: पडद्यावर एक चित्र, तेवढं मारिओचं एक पाऊल. जपान-अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवायचा, आपला पाल पद्धतीचा टीव्ही ५०. त्यामुळे आपल्याकडच्या पुष्कळ नकली यंत्रांवर गेम मुळातल्या वेगाच्या सहापैकी पाचच भाग वेगाने पळायचा. संगीताचे सूर जवळपास तेच, लय मात्र संथ. म्हणजे क्योटोत बनलेला मारिओ आम्ही लहानपणी खेळलोच नव्हतो. सांगलीचा मारिओ निराळा होता, जेवण करून पान लावून निघाल्यासारखा. एम्युलेटरच्या सेटिंगमध्ये पाल किंवा ‘डेंडी’ असा पर्याय मिळतो (डेंडी म्हणजे रशियात खपलेली अशीच नक्कल). तो लावला आणि माझा हात परत आला. पोराला मात्र तो आता ‘स्लो’ वाटतो.

बंदुकीचं थोडक्यात: ती नव्या टीव्हीवर चालणार नाही, आणि त्यात बंदुकीचा दोष नाही. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि गेममधल्या बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. नळीतला डोळा तो उजेड बघतो. जुन्या काचेच्या टीव्हीवर हे ठरल्या वेळी व्हायचं. एलईडी टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटतं, तोवर बंदुकीचं बघून झालेलं असतं. डबड्या टीव्ही कुणाकडे शिल्लक असेल तरच बदकं मरतील.

मग जुने गेम चांगले होते का? काही होते. बरेचसे टुकार होते आणि सगळेच छळवादी होते. ‘आमच्या वेळी गेम किती अवघड, आत्ताची पोरं लाडावलेली’ हे वाक्य मी स्वतः चार ठिकाणी फेकलंय, आता मागे घेतो. अवघडपणामागे शौर्य नव्हतं, हिशेब होता. नाणं टाकून खेळायच्या पार्लरमधल्या मशीनचं कामच तुम्हाला लवकर मारून पुढचं नाणं काढायला लावणं. एसटी स्टँडजवळच्या पार्लरमध्ये मालक, म्हणजे आमचे मामा, स्टुलावर बसून बघायचे, आणि एका नाण्यावर कोणी फार वेळ टिकला की मशीन उघडून आत काहीतरी खुडबुड करायचे. दुसऱ्या दिवशी तोच बॉस (स्टेजच्या शेवटचा दांडगा शत्रू) दुप्पट मार खाऊनही पडायचा नाही. मशीनच्या पोटात अवघडपणा कमीजास्त करायची सोय असते, हे आम्हाला फार उशिरा समजलं. घरच्या गेमचीही तीच तऱ्हा. इतक्या कमी जागेत बसलेला गेम सोपा ठेवला तर दुपारी संपेल, म्हणून तो काटेरी करायचा. कॉन्ट्रातला तो ‘वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए’चा मंत्र आठवतो ना, ३० लाईफ देणारा? तो मुळात कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ साली ग्रेडियस या दुसऱ्या गेमच्या घरगुती आवृत्तीत घातला, कारण तपासताना गेम त्यांना स्वतःलाच झेपेना. बनवणाऱ्याची ही अवस्था, तर आपली काय कथा.

मग हरवलं काय? इथे मुस्तफाकडे यावं लागतं. ज्यांना हे नाव कळलं नाही त्यांनी आपली जन्मसालं तपासावीत. गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कंपनी कॅपकॉम, साल १९९३. चार खेळाडूंतला पिवळ्या टोपीचा मुस्तफा सगळ्यांचा लाडका, म्हणून अख्ख्या गेमलाच ‘मुस्तफा’ म्हणायचं. सांगलीत, मिरजेत, जयसिंगपुरात, जिथे पार्लर तिथे मुस्तफा. आणि तोच गेम आज रीतसर पैसे देऊन घ्यायला गेलो तर पंचाईत. कॅपकॉमने २०१८ साली आपल्या जुन्या मारामारीच्या सात गेमचा संच काढला, त्यात मुस्तफा नव्हता. तो एका अमेरिकी कॉमिकवर बेतलेला, म्हणजे हक्क एकट्या कॅपकॉमच्या हातात नाहीत. मुस्तफा काही एकटा नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा अमेरिकेत २०१० आधी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात रीतसर मिळत नाहीत असं निघालं. माणसं चोरून एम्युलेटरवर खेळतात त्याबद्दल कोणी नैतिकतेचं प्रवचन द्यायला लागलं की मी हा आकडा पुढे करतो.

हरवलं ते हे: वस्तू हातातून हातात जाणं. आमच्या गल्लीत पाच घरांत मिळून सात-आठ कॅसेटी होत्या, आणि कोणाचीच कॅसेट कधी त्याच्याच घरी नसायची. दुकानात जुनी कॅसेट आणि वर दहा-वीस रुपये दिले की दुसरी मिळायची. एकाने सायकलचा डायनॅमो देऊन कॉन्ट्रा घेतला होता, त्यावरून दोन घरांच्या आयांचं महिनाभर बोलणं बंद. नव्या कन्सोलमधून नेमकी हीच गोष्ट काढून टाकली जातेय.

पण थांबा, इथेही मला स्वतःशी भांडायचंय. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं (४५ फुटांना धोका पातळी लागते). आमचा तळमजला बुडाला. पत्र्याच्या ट्रंकेत माझ्या कॅसेटी, वरच्या फळीवर भाच्याचा प्लेस्टेशन ३ (सोनीचा कन्सोल) आणि त्याच्या डिस्क. पाणी उतरल्यावर चिखल काढताना ट्रंक सापडली. कॅसेटी उघडल्या, स्वच्छ पाण्याने धुतल्या, आठवडाभर गच्चीवर वाळवल्या, पट्टीचे दात (यंत्रात बसणारे धातूचे पट्टे) स्पिरिटने पुसले. आतला गेम काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली चिपमध्ये कायमचा कोरलेला असतो, हलणारा भाग एकही नाही. चार पैकी तीन चालल्या. प्लेस्टेशन मेलं ते मेलंच, हार्ड डिस्कसकट, सगळे सेव्ह गेले. इथपर्यंत ऐकून जुनी मंडळी टाळ्या वाजवतात. पुढचं ऐका: भाच्याने काही गेम ऑनलाइन घेतले होते. वर्षभराने त्याने दुसरं मशीन घेतलं, पासवर्ड टाकला आणि ते सगळे गेम परत आले. चिखल नाही, स्पिरिट नाही. कृष्णेचं पाणी तिथे पोचलंच नव्हतं. तेव्हा ‘डाउनलोड म्हणजे वाईट’ असं मी म्हणणार नाही. नदीपासून ते सुरक्षित आहे. कंपनीपासून नाही.

कारण कंपनीलाही पूर येतो, फक्त तो त्यांनी ठरवलेल्या तारखेला येतो. निन्टेन्डोने ३डीएस आणि वी यू या मशीनांचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये विक्रीसाठी बंद केलं. गुगलची स्टेडिया, जिच्यावर कन्सोलशिवाय गेम खेळता येणार होते, नोव्हेंबर २०१९ ला आली आणि जानेवारी २०२३ ला मिटली. पैसे परत दिले, एवढं त्यांच्या बाजूने. युबिसॉफ्टचा द क्रू हा गाड्यांचा गेम तर लोकांच्या कपाटात डिस्कच्या रूपात होता, तरी ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाला आणि डिस्क चहाचा कप ठेवायला उरली. म्हणजे डिस्क असली तरी ती तुमचीच असेल असं नाही.

कन्सोल राहील का? माझ्या मते राहील. टीव्हीखालचा डबा इतक्यात जात नाही. २०१७ चा निन्टेन्डो स्विच १५ कोटींच्या वर खपला, मेलेल्या धंद्यात असं होत नाही. डब्यांमधलं भांडण मात्र संपत आलंय. मायक्रोसॉफ्टने हेलो हा गेम, म्हणजे त्यांच्या एक्सबॉक्स कन्सोलचं कुलदैवत, प्लेस्टेशनवर आणायचं २०२५ मध्ये जाहीर केलं. पूर्वी हे कोणी बोललं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. दुसरं, डबा जुना झाला की स्वस्त होतो हा आपला हिशेब आता चालत नाही. अमेरिकेत प्लेस्टेशन २ आला तेव्हा २९९ डॉलर, २००९ पर्यंत ९९ वर उतरला होता. प्लेस्टेशन ५ तिथे २०२० ला डिस्कसकट ४९९ ला आला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये महाग होऊन ५४९ झाला. ‘थांबू, उतरेल’ म्हणणाऱ्यांनी थांबत बसू नये.

आणि तिसरं, कॅसेट-डिस्कचं. ती शेवटच्या घटका मोजतेय. एक्सबॉक्स सिरीज एसला २०२० पासूनच डिस्कची खाच नाही. नोव्हेंबर २०२४ चा प्लेस्टेशन ५ प्रो, सगळ्यात महागडा, तोही बिनडिस्कचा. ड्राइव्ह हवा तर वेगळा घ्या. जून २०२५ च्या स्विच २ ला कॅसेट आहे, पण काही गेमच्या कॅसेटीत गेमच नसतो. ती नुसती किल्ली, गेम डाउनलोड करायचा. ‘९९९९९९ इन १’ मध्ये निदान सहा तरी होते हो.

आता तुमच्यापुरतं. नवा घ्यायचाच असेल तर डिस्कवाला घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. जुन्या डिस्क निम्म्या-पाव किमतीत मिळतात, खेळून झाल्या की विकता येतात, आणि पोराला मित्राकडून मागून आणता येतात. दोन वर्षांत फरक वसूल होतो. महिन्याच्या वर्गणीची योजना लगेच घेऊ नका. शंभर गेम समोर आले की चौथीतलं पोर एकही पुरा खेळत नाही, माझ्या घरचा अनुभव आहे.

पण आधी माळ्यावरचा लावा. थेट प्लग खुपसू नका, इतक्या वर्षांनी अडॅप्टर हमखास दगा देतो. मशीनच्या पोटावर किती व्होल्ट आणि अधिक-वजा कुठे ते लिहिलेलं असतं, ते जुळणारा नवा अडॅप्टर घ्या. पिवळ्या-पांढऱ्या वायरी निघत असतील तर टीव्हीला सरळ लागेल; नुसती अँटेनाची वायर असेल तर टीव्हीला जुन्या पद्धतीने चॅनेल शोधायला लावा, काही नव्या टीव्हींमध्ये ती सोय अजून आहे. कॅसेटीत फुंकर मारू नका. फुंकरीने ती कधीच सुरू होत नव्हती, परत काढून घातल्यामुळे व्हायची. तोंडाच्या ओलीने उलट दात गंजतात. साधं खोडरबर फिरवा, मग स्पिरिटचा बोळा.

तीन कॅसेटी कुठल्या आहेत ते लिहिलं नाहीत. एखादीत रोड फायटर (गाड्यांच्या शर्यतीचा गेम) असेल तर सांगा, माझा पुरात गेलेला तोच. बदल्यात कॉन्ट्रा देतो, वर वीस रुपये. रविवारी मिरजेला येणं आहेच.