आधी झोका मोज

प्रिय बेटा,

तू घरी स्वतः रेकॉर्ड करून पाठवलेलं आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, गाणं तीनदा ऐकलं. एकदा हेडफोन लावून, एकदा अमळनेरहून धरणगावला जाताना गाडीत, आणि एकदा स्वयंपाकघरात मोबाईलच्याच स्पीकरवर, बाजूला भाकरी थापल्या जात असताना. तू उत्तराची वाट बघत असशील म्हणून आधी तेच सांगतो. चाल तुझी स्वतःची आहे. दुसऱ्या कडव्यात लिंबाचं नाव येतं तिथे सूर वर जाईल असं वाटतं आणि तो हळूच खाली उतरतो. तिथे मी गाडी बाजूला घेतली आणि तेवढाच तुकडा पुन्हा ऐकला.

पण गाणारी मला गाण्यात सापडली नाही. ती फाईलच्या सुरुवातीला सापडली. गाणं सुरू व्हायच्या आधीचे तीन-चार सेकंद तू कापायला विसरलीस. त्यात तू ओरडतेस, “माय, पंखा बंद कर ना वं!” मग खुर्ची सरकते, आणि मग गाणं. त्या एका वाक्यात गळा पूर्ण मोकळा आहे, उच्चार स्वच्छ आहेत, आवाजाला वजन आहे. पुढच्या क्षणी तोच गळा दबतो, श्वास वाढतो, सूर कमी होतो. ‘झोका’ हा शब्द तीन वेळा येतो आणि तिन्ही वेळा तू ‘झ्योका’ म्हणतेस. चोपड्याकडची कोणतीही मुलगी बोलताना झोक्याला झ्योका म्हणत नाही. हा ‘झ’ तू कुठल्या तरी दुसऱ्या गाण्यातून उचललास, कदाचित नकळत. तो परत कर.

दबका आवाज कुठून आला ते तुझ्या पत्रातच आहे. एरवी रात्री अकरानंतर गातेस, शेजारच्या खोलीत आजोबा झोपलेले असतात. रात्री माणूस झोपलेल्यांना सांभाळून गातो आणि दोन महिन्यांनी त्याला वाटायला लागतं की हीच आपली शैली. हळू गाणं वाईट नाही, पण ते तू निवडलेलं असलं पाहिजे. एक दिवस दुपार टळल्यावर केळीच्या बागेत जा आणि पूर्ण गळ्याने गा. मोबाईल चालू ठेव. ते रेकॉर्डिंग कुणाला ऐकवायचं नाही. खोलीत बसलीस की आधी ते ऐकायचं आणि मग माईकसमोर उभं राहायचं. बसून नाही, उभं राहायचं.

आता लयीचं. इथे थोडं थांबतो, कारण गाणं आखाजीचं आहे, माहेरी आलेल्या बायकांनी झोक्यावर म्हणायचं, आणि मला वाटतं खरी चूक इथेच झाली. तुझ्या प्रोजेक्टमध्ये मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारा काटा, मिनिटाला ९२ वर आहे. का, असं विचारलं तर तू म्हणशील, सॉफ्टवेअर उघडलं तेव्हा जरा वाढवून बघितलं आणि बरं वाटलं. पण झोक्याला स्वतःची लय असते. लिंबाच्या फांदीला १२ फुटांचा दोर बांधलेला झोका पुढे जाऊन परत मागे यायला पावणेचार ते चार सेकंद घेतो. बसलेली हलकी असो की भारी, एकटी असो की दोघी, वेळ जवळपास तोच राहतो, कारण तो दोराच्या लांबीवर ठरतो. एका फेरीत चार मात्रा धर, लय मिनिटाला साधारण ६२ निघते. ९२ च्या लयीला बसणारा झोका जेमतेम साडेपाच फुटांचा निघतो. तेवढ्या दोरावर लहान पोर झुलतं, सासरहून आलेली बाई नाही.

आणि झोका घड्याळासारखा एकसारखा चालत नाही. टोकाला तो क्षणभर थांबतो, खालून जाताना सगळ्यात वेगात असतो. माझी मावशी गौराईची गाणी म्हणायची तेव्हा श्वास नेमका त्या टोकाला घ्यायची, आणि ओळीतला भारी शब्द खाली येताना पडायचा. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं, झोक्यानेच शिकवलं होतं. तुझ्या घरामागे लिंब आहे, दोर मिळेल. आखाजीची वाट न बघता आताच बांध, वर बस, आणि मोबाईल ओढणीत गुंडाळून गाणं म्हण. मग घरी येऊन ते ऐकत मेट्रोनोम त्यावर बसव. आजवर तू गाणं मेट्रोनोमवर बसवत आलीस. काही ओळी मागेपुढे होतील. होऊ दे. गिटार त्या मागेपुढे होण्याच्या मागोमाग वाजव.

खोलीचा फोटो पाहिला. १० बाय १० ची स्लॅबची खोली, खाली फरशी, टेबल कोपऱ्यात, भिंतीला अंड्याचे ट्रे. ट्रे काढून टाक. त्यांनी खोलीत टाळी वाजवल्यावर येणारा वरचा चरचराट जरासा कमी होतो, बाकी काही नाही. थर्माकोलही लावू नकोस. आवाज शोषायला हवा आत शिरेल असं काही तरी जाड लागतं, आणि आपण कापसाच्या मुलखात राहतो. माळ्यावर जुन्या गाद्या पडल्या असतील. पिंजाऱ्याकडून कापूस मोकळा करून घे आणि दोन गाद्या उभ्या टांग. त्या माईकच्या मागे टांगायच्या नाहीत, तुझ्या पाठीमागे टांगायच्या. तुझा माईक समोरून ऐकतो, पाठीमागचं फारसं ऐकत नाही. म्हणजे त्याला दिसतेस तू आणि तुझ्या मागची भिंत. ती भिंत झाकली की अर्धं काम झालं. गादी भिंतीला चिकटवू नकोस, वीतभर पुढे ठेव. तेवढ्या मोकळ्या जागेने ती आणखी खालचे सूर खाते.

टेबल कोपऱ्यात आहे म्हणून तुला बास, म्हणजे खालचा जाड सूर, जास्त ऐकू येतो. १० फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा सूर घुमत राहतो. लांबी-रुंदी सारखीच असल्यामुळे दोन्ही बाजूंचा घुमारा एकाच सुरावर येऊन बसतो. तो भिंतींशी आणि कोपऱ्यात सगळ्यात फुगतो, खोलीच्या मधोमध जवळपास नाहीसा होतो. तू कोपऱ्यात बसून ऐकलंस, बास फार वाटला, कमी केलास, आणि माझ्या गाडीत गाणं पोकळ निघालं. टेबल कोपऱ्यातून काढून एका भिंतीच्या मध्यावर घे आणि डोकं समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर येईल असं बस. सुरुवातीला एवढं पुरे. शेवटचा निर्णय हेडफोनवर आणि मग कुणाच्या तरी गाडीत घ्यायचा.

माईक बदलू नकोस. आहे तो चांगला आहे. तोंडापासून वीतभर लांब ठेव आणि किंचित तिरका, म्हणजे भ, फ, प यांची हवा थेट त्याच्यावर आदळणार नाही. आपल्या भाषेत ही हवेची अक्षरं भरपूर आहेत. रेकॉर्डिंग २४ बिटवर कर आणि सगळ्यात मोठ्याने गाशील तिथे सॉफ्टवेअरमधला आवाजाचा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू दे. लाल दिव्यापर्यंत न्यायची काही गरज नाही.

पंख्याचं मात्र खरं संकट आहे, ते मी जाणतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि बंद खोलीत पंख्याशिवाय दोन ओळीही म्हणवत नाहीत. काही ओळी तू पंखा चालू ठेवून घेतल्यास आणि नंतर सॉफ्टवेअरने त्याचा आवाज पुसलास, ते मला ऐकू आलं. पंख्याबरोबर तुझे स आणि श पण पुसले गेलेत, आणि ओळीच्या शेवटी श्वास गिळल्यासारखा वाटतो. दोन उपाय सांगतो. पहाटे साडेचार-पाचला गा, आजोबाही तोवर उठलेले असतात. आणि दुसरा, जो मला फार उशिरा सुचला: लाईट जाण्याची वाट बघ. लाईट गेली की पंखा, फ्रीज, शेजारचा टीव्ही, पिठाची गिरणी, सगळं एकदम थांबतं. लॅपटॉप बॅटरीवर चालतो, माईक लॅपटॉपला जोडणाऱ्या इंटरफेसला करंट यूएसबीतूनच मिळतो. चार्जर निघालेला असल्यामुळे कच्च्या अर्थिंगची ती ५० हर्ट्झची घरघरही जाते. माझी सगळ्यात स्वच्छ रेकॉर्डिंगं लोडशेडिंगमध्ये झाली आहेत. वेळापत्रक ठाऊक असेल तर आधी तयारी करून बस.

तू लिहितेस, गाणं आठ महिन्यांपासून चालू आहे आणि आता त्यात ४३ ट्रॅक, म्हणजे एकावर एक चढवलेली वेगवेगळी रेकॉर्डिंगं, आहेत. ही ओळ वाचून मी जरा वेळ तसाच बसून राहिलो. मी वरातीच्या बॅण्डमध्ये कीबोर्ड वाजवायचो तेव्हा वरात पुढे सरकली की गाणं संपायचं, आपलं मन भरो न भरो. घरी एकट्याने काम सुरू केलं आणि थांबवणारं कुणी राहिलं नाही. २००७ साली घेतलेलं एक गाणं मी दोन वर्षं घासत बसलो. रोज रात्री काही तरी बदलायचो आणि रोज सकाळी ते आदल्या दिवसासारखंच वाटायचं. मग एका उन्हाळ्यात हार्ड डिस्क गेली. दुसरी प्रत नव्हती. ते गाणं कुणीच ऐकलं नव्हतं, त्यामुळे ते होतं हे सांगणाराही आज मी एकटाच आहे. म्हणून तुला दोन गोष्टी मागतो. आजच सगळ्याची एक प्रत पेन ड्राईव्हवर काढून दुसऱ्या घरात ठेव. आणि ४३ मधले आठ ट्रॅक ठेवून बाकीचे बंद करून बघ. पुसू नकोस, बंद कर. आठांमध्ये गाणं उभं राहिलं नाही तर मला कळव, आपण बोलू. मला वाटतं राहील.

गाणं लग्नातल्या डीजेच्या गाण्याइतकं जोरात व्हावं म्हणून तू ते शेवटी दाबून चपटं केलंस, लहान-मोठे सगळे आवाज एकाच पातळीवर आणलेस. त्याने काही मिळत नाही. स्पॉटिफाय सगळ्यांची गाणी ऐकवताना साधारण उणे १४ एलयूएफएसला (हे आवाजाच्या जोराचं माप) आणून ठेवतो. तुझं जास्त जोरात असेल तर तो खाली ओढेल, आणि चपटेपणा तेवढा शिल्लक राहील.

एक कागदाची गोष्ट आहे, ती टाळू नकोस. माझ्या एका चालीचे ‘सर्व हक्क कायमचे’ असं लिहिलेल्या कागदावर मी पाच हजारांसाठी सही केली होती, न वाचता. समोरच्यांचं नाव घेत नाही. तुला कुणाचा फोन आला, आणि ही चाल ऐकून येईलच, तर कागद घरी आणून वाच. गाणं तू रचलंस आणि ते कुठेही उतरलं की कॉपीराइट तुझाच असतो, नोंदणी लागत नाही. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर गीतकार-संगीतकाराला आपल्या रॉयल्टीचा वाटा सहीनेही सोडून देता येत नाही. वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच तो देता येतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. शब्द आणि चाल दोन्ही तुझी आहेत, तेव्हा पहिलं गाणं बाहेर आलं की आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीचं, सदस्यत्व घे. आजीकडून आलेल्या दोन ओळी तू धृपदात वापरल्यास, त्या कुणाच्याच नाहीत आणि सगळ्यांच्या आहेत. त्यांच्याखाली स्वतःचं नाव लावू नकोस, ‘पारंपरिक’ लिही.

व्हिडिओ बघून शिकलीस ते उत्तम शिकलीस, त्याबद्दल संकोच नको. फक्त वर्षातून काही वेळा समोर बसून ऐक. जानेवारीत जळगावला बालगंधर्व संगीत महोत्सव असतो, तिथे ये. गावात वहीची बारी, म्हणजे आपल्याकडचं लोकगायन, असेल तर रात्रभर बस. होळीला नंदुरबारकडे जमलं तर पावरी, आदिवासींचं ते फुंकून वाजवायचं वाद्य, जवळून ऐक. त्या सुराला मागे श्वासाचा जो खरखरीत काठ असतो तो स्पीकरमधून येत नाही, आणि तू श्वास पुसत बसली आहेस म्हणून मुद्दाम सांगतो.

आखाजीला अजून सात आठवडे आहेत. त्या दिवशी, आमरस-मांडे झाल्यावर, हे गाणं घरात वाजलं पाहिजे. त्याच्या आठवडाभर आधी एक काम कर. आई मधल्या खोलीत दादर ज्वारी निवडत बसली असेल तेव्हा स्पीकरवर गाणं लाव, काही सांगू नकोस, आणि कसं वाटलं हेही विचारू नकोस. ती तुझी आई आहे, छानच म्हणेल. तू फक्त तिच्या हातांकडे बघ. हात कुठे थांबले ते मिनिट आणि सेकंद वहीत लिहून घे आणि मला पाठव. कुठेच थांबले नाहीत, तर तेही लिही.

तुझा,
काका