थायलंडचा ‘सतांग’: शतांश की शतांग?

एका थाई बाटचे शंभर सतांग होतात. तेव्हा नाण्याचे हे नाव आपल्या ‘शतांश’चाच अपभ्रंश असावे का, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. अर्थ तोच असला, तरी उत्तरपद ‘अंश’ नसून ‘अंग’ आहे.

थाई लेखनात भारतीय शब्दांची मूळ अक्षरे बहुधा टिकून राहतात, आणि येथे तोच मुख्य पुरावा आहे. ‘सतांग’च्या शेवटी ‘ग’च्या जागी येणारे अक्षर लिहितात, परंतु त्यावर ते उच्चारू नये अशी खूण असल्यामुळे कानांना केवळ ‘सताङ’ ऐकू येते. आरंभीचा ‘स’ही महत्त्वाचा आहे. शतक या अर्थाचा ‘शतवर्ष’ हा संस्कृत शब्द थाईत ‘श’साठी असलेल्या अक्षराने लिहिला जातो, नाण्याच्या नावात मात्र दंत्य ‘स’ आहे, म्हणजे पूर्वपद पालीतील ‘सत’ होय. संस्कृतात ‘शताङ्ग’ शब्द आहे, पण अमरकोशात तो रथाचा पर्याय म्हणून येतो. शंभर अवयव असलेला, असा तो बहुव्रीही. थाई समासाचा अर्थ शंभरावा भाग असा असल्याने त्या दोहोंची गल्लत करू नये.

अशा नावांची प्रथा तेथे आधीपासून होती, आणि मला हा भाग सर्वांत रोचक वाटतो. जुन्या पद्धतीत एका बाटचे चार सलुंग किंवा आठ फुआंग होत. फुआंगच्या आठव्या भागाच्या नाण्याचे नाव पाली ‘अट्ठ’वरून, तर सोळाव्या भागाचे ‘सोळस’वरून पडले, हा ‘सोळस’ मराठी ‘सोळा’चा जवळचा आप्त आहे. राजा चुलालोंगकोर्न यांच्या राजवटीत दशमान पद्धत आली, १८९७ सालच्या अडीच, पाच, दहा आणि वीस सतांगांच्या नाण्यांपासून ‘सत’ही त्या मालिकेत जाऊन बसला, आणि १९०८ पासून मध्यभागी भोक असलेली एक, पाच व दहा सतांगांची नाणी निघाली.

आज व्यवहारात पंचवीस आणि पन्नास सतांगांचीच नाणी दिसतात, आणि त्यांतील पंचवीसच्या नाण्याला बोलताना अजूनही ‘सलुंग’ म्हणतात. एकूण पैसा या व्यापक अर्थानेही ‘सतांग’ रूढ आहे. ‘सतांग नाहीत’ म्हणजे जवळ पैसे नाहीत. मराठीत लिहिताना ‘सतांग’ हेच रूप ठेवावे, कारण त्यात थाई लेखनातला ‘ग’ही राहतो आणि पालीतला ‘स’ही.