परदेशातल्या प्रोग्रामरची मतं आणि इंदूरचा कॅम्पस

राजेंद्र नगर, इंदूरहून एका शिक्षिका आईंचं पत्र आलं आहे. मुलगी कॉम्प्युटर सायन्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेलं वर्षभर ती अमेरिकेतल्या एका ज्येष्ठ प्रोग्रामरला वाचते, ऐकते आणि घरात जेवताना त्याचीच मतं मांडते. आजचं सॉफ्टवेअर नाहक फुगलेलं आहे. नोकऱ्या एआयमुळे गेल्या नाहीत, व्याजदर आणि करांमुळे गेल्या. सरकारने बाजूला व्हावं, बाकी सगळं बाजार बघून घेईल. त्यावरून तिने घरात जाहीर केलं आहे की ती सर्व्हिस कंपन्यांच्या, म्हणजे दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवून देणाऱ्या कंपन्यांच्या, कॅम्पस भरतीला बसणार नाही. ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरवर, काम करणार आणि घरी बसून परदेशी कंपनीची नोकरी मिळवणार. तिच्या बाबांना वाटतं, तिने बँकेची परीक्षा द्यावी. आई विचारतात, "हिच्या बोलण्यात काही तथ्य आहे का, की नुसतं खूळ आहे?"

ताई, नमस्कार.

तथ्य आहे. आधी हेच सांगते, कारण तुमच्या पत्रात काळजी इतकी दाटलेली आहे की मुलगी विचार करते आहे ही चांगली गोष्ट त्यात झाकून गेली. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांना पॅकेज किती एवढंच विचारायचं असतं. आपण ज्या धंद्यात उतरतोय तो कशावर चालतो, पैसा कुठून येतो, हे विचारणारी मुलं फार थोडी असतात. तुमची लेक विचारते. फक्त तिने उत्तरं उसनी घेतली आहेत, आणि ज्याच्याकडून घेतली त्याचा देश वेगळा, वय वेगळं, खिसा वेगळा.

इथून पुढचं तिलाही वाचायला द्या.

बेटा, तुझ्या त्या प्रोग्रामरची मतं दोन प्रकारची आहेत. सॉफ्टवेअरबद्दलची मतं त्याने अनेक वर्षं हाताने काम करून कमावली आहेत, चूक झाली तेव्हा रात्री जागून निस्तरलंही असेल. अर्थकारणाबद्दलची मतं एका हुशार नागरिकाची आहेत. ती बरोबर असू शकतात, पण पहिल्या प्रकारच्या मतांचं वजन आपोआप दुसऱ्या प्रकाराला मिळत नाही. दोन्ही तपासायची असतात, तपासायची रीत मात्र वेगळी.

सॉफ्टवेअर फुगलंय म्हणतेस, तर तुझ्याच लॅपटॉपवर बघ. मागच्या महिन्यात एक मुलगा त्याचं कॉलेजचं हजेरीचं अ‍ॅप दाखवायला आला होता. मी त्याला नोड मॉड्यूल्सचं फोल्डर उघडायला सांगितलं. त्याने स्वतः लिहिलेल्या फाइल्स मोजक्या होत्या, आणि त्या फोल्डरमध्ये शेकडो पॅकेजेस, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडचे गठ्ठे. त्यातली बहुतेक त्याने मागितलेलीही नव्हती. एकाने दुसरं ओढून आणलं, दुसऱ्याने तिसरं. मी एका पॅकेजवर बोट ठेवून विचारलं, हे काय करतं? त्याला सांगता येईना. मार्च 2016 मध्ये 'लेफ्ट पॅड' नावाचं जेमतेम अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं, आणि जगभर कितीतरी मोठ्या प्रकल्पांचे बिल्ड कोसळले, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयारच होईना. त्या अकरा ओळी काय करत होत्या? शब्दाच्या डावीकडे मोकळी जागा भरत होत्या. मार्च 2024 मध्ये तर लिनक्समध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'एक्सझेड' या लायब्ररीत (तयार कोडच्या संग्रहात) कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा बसवलेला सापडला. तो कसा सापडला ते तू नक्की वाच. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, आणि हा अर्धा सेकंद गेला कुठे, याचा त्याने पिच्छा सोडला नाही.

मला तुझ्यात तो स्वभाव बघायचा आहे. "फ्रेमवर्क सगळे कचरा आहेत" हे वाक्य इंटरव्ह्यूत टाकलंस तर समोरचा माणूस मनातल्या मनात तुझ्या नावावर काट मारेल. त्याऐवजी "माझ्या प्रोजेक्टमधली इतकी पॅकेजेस मी काढली, पान उघडायला आधी इतका वेळ लागायचा, आता इतका लागतो, आणि हे एक पॅकेज या कारणामुळे काढता आलं नाही" असं म्हणालीस, तर तो खुर्ची पुढे ओढून बसेल. मूळ मत एकच आहे, पण दुसऱ्या वेळी ते तुझं झालेलं असतं.

अनुभवी माणसाचं स्वतःच्या कामाबद्दलचं मतसुद्धा घड्याळ लावून तपासावं लागतं, याचा दाखला एआयच्याच बाबतीत आहे. 2025 साली 'मीटर' या अमेरिकन संस्थेने ओपन सोर्समधल्या 16 मुरलेल्या प्रोग्रामरना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांतली 246 कामं दिली, काही एआयच्या मदतीने आणि काही मदतीविना. काम संपल्यावर त्यांना वाटलं, एआयमुळे आपण 20 टक्के लवकर उरकलं. घड्याळ सांगत होतं, 19 टक्के उशीर झाला. अभ्यास लहान होता, हत्यारं त्या वेळची होती, त्यामुळे यावरून एआय कुचकामी ठरत नाही. पण मुरलेल्या माणसाचाही स्वतःच्या वेगाबद्दलचा अंदाज चुकतो, हे तर दिसतं. तूही एआय वापर, भरपूर वापर, आणि त्याने लिहिलेली प्रत्येक ओळ मला समजावून सांगता येईल इतकी वाच.

आता पैशाकडे. नोकरकपातीबद्दल तो बरंचसं बरोबर बोलतोय. मेटाने 11 हजार लोकांना काढल्याचं 9 नोव्हेंबर 2022 ला जाहीर केलं. चॅटजीपीटी लोकांसमोर आलं 30 नोव्हेंबरला. म्हणजे त्या लाटेचं खापर एआयवर फोडता येत नाही. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, मार्च 2022 पर्यंत जवळजवळ शून्यावर असलेला व्याजदर जुलै 2023 पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेला. स्वस्त कर्जाच्या आणि गुंतवणुकीच्या पैशावर भरती करणाऱ्या कंपन्यांनी हात आखडता घेतला.

करांचं प्रकरण मात्र तू अर्धंच सांगतेस, आणि उरलेला अर्धा भाग तुझ्या पोटावर येणारा आहे. नीट बघ. समजा एका छोट्या अमेरिकन कंपनीने वर्षात 10 लाख डॉलर कमावले आणि सगळे प्रोग्रामरच्या पगारात घातले. पूर्वी हिशोब सरळ होता: नफा शून्य, कर शून्य. 2017 च्या करकायद्यातली एक तरतूद 2022 पासून लागू झाली. तिने सांगितलं की सॉफ्टवेअर तयार करण्याचा खर्च एकाच वर्षात वजा करता येणार नाही, तो पाच वर्षांवर पसरायचा, आणि पहिल्या वर्षी त्यातला दहाच टक्के धरायचा. म्हणजे तिजोरीत दमडी नसताना कागदावर 9 लाख डॉलर नफा दिसणार आणि 21 टक्के दराने 1 लाख 89 हजार डॉलर कर भरावा लागणार. कोणीही म्हणेल, चार माणसं कमी करा. तुझा प्रोग्रामर यावर चिडला, ते रास्तच होतं. आणि हेच काम अमेरिकेबाहेर करून घेतलं तर? खर्च पाचऐवजी पंधरा वर्षांवर पसरायचा.

जुलै 2025 मध्ये नवा कायदा आला. देशातल्या कामाचा खर्च पुन्हा त्याच वर्षी वजा करायची मुभा मिळाली. बाहेरच्या कामाची पंधरा वर्षं तशीच राहिली. त्याच्यासाठी ही आनंदाची बातमी आहे. तुझ्यासाठी नाही. राजेंद्र नगरात बसलेल्या मुलीला थेट कामावर घेणं त्या छोट्या कंपनीला करापुरतं तरी तिथल्या माणसापेक्षा महाग पडतं. एकच कायदा, पण तो तिकडच्या खिडकीतून बघतोय आणि तू इकडच्या. त्यात सप्टेंबर 2025 मध्ये नव्या एच-वन-बी (अमेरिकेत नोकरीसाठीच्या व्हिसाच्या) अर्जावर 1 लाख डॉलरचं शुल्क आलं, म्हणजे तिकडे जाण्याची वाटही अरुंद झाली. त्याची आर्थिक मतं जशीच्या तशी उचलताना, त्या मतांत तू कुठे उभी आहेस हे एकदा बघायला हवं होतंस.

"सरकारने बाजूला व्हावं" हे वाक्य म्हणशील तेव्हा आपल्या इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर एक चक्कर मार. टीसीएस आणि इन्फोसिसचे कॅम्पस तिथे उभे आहेत ते राज्य सरकारने दिलेल्या जमिनीवर, विशेष आर्थिक क्षेत्राच्या नियमांखाली. 1991 मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही सरकारी संस्था स्थापन झाली, सॉफ्टवेअरच्या निर्यातीला करमाफी मिळाली, ती मार्च 2011 पर्यंत चालली. हा उद्योग वाढला त्यात या धोरणाचा वाटा आहे. आणि सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस घेऊन तू ज्या क्यूआर कोडवर पैसे देतेस, ते यूपीआय 2016 मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने आणलं. ती संस्था रिझर्व्ह बँक आणि बँकांच्या संघटनेच्या पुढाकारातून निघाली. जानेवारी 2020 पासून सरकारने यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घ्यायला मनाई केली. ठेलेवाल्याचा फायदा झाला. पण सर्व्हर चालवायचा खर्च बँकांच्या आणि अ‍ॅपवाल्यांच्या गळ्यात पडला, आणि त्याची भरपाई कोणी करायची हा वाद अजून मिटलेला नाही. आता सांग, यात सरकारने बाजूला व्हायचं की नाही? या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देणाऱ्यावर, मग तो कुठल्याही बाजूचा असो, मी विश्वास ठेवत नाही.

तुला हे विषय मनापासून आवडत असतील तर त्यांचा अभ्यास कर. दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी आर्थिक पाहणी अहवाल येतो, फुकट मिळतो. त्यातलं सेवा क्षेत्राचं प्रकरण घे आणि त्यातला एक तक्ता स्वतः पायथॉनमध्ये मांडून बघ. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या सरकारी उपक्रमात अर्थशास्त्राचे कोर्स आहेत. देवी अहिल्या विद्यापीठात अर्थशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, तिथल्या एखाद्या प्राध्यापकांना जाऊन भेट. वर्षभराने गोडी टिकली तर पुण्याच्या गोखले संस्थेसारख्या ठिकाणी पदव्युत्तर शिक्षणाचा विचार करता येईल. कोड लिहिता येणारी आणि धोरण वाचता येणारी माणसं पेमेंट कंपन्यांना लागतात, बँकांना लागतात, नियामक संस्थांनाही लागतात.

आणि कॅम्पस. बेटा, कॅम्पसला बस. सर्व्हिस कंपन्यांबद्दलची तुझी नाराजी मला कळते. नव्या मुलांचा पगार कितीतरी वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतोय, आणि टीसीएसने 2025 मध्ये 12 हजारांहून जास्त लोक कमी करायचं जाहीर केलं तेव्हा तीही नोकरी कायमची नाही हे सगळ्यांना दिसलं. पण ऑफर हातात असणं आणि ती स्वीकारणं या वेगळ्या गोष्टी आहेत. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागायचं नसतं, आणि तुझ्या तर हातात अजून काही आलेलंच नाही. बाँड असेल तर सही करण्याआधी त्यातली रक्कम आणि मुदत वाच. मोठी सर्व्हिस कंपनी नकोच असेल तर इंदूरमध्ये वाढलेल्या कंपन्या आहेत, इम्पेटस किंवा इन्फोबीन्ससारख्या. तिथे स्वतःहून अर्ज कर.

ओपन सोर्सचं काम मात्र आजच सुरू कर, त्यासाठी कॅम्पस सोडावा लागत नाही. गुगल समर ऑफ कोड 2005 पासून चालू आहे, त्यात मानधन मिळतं आणि अनुभवी मार्गदर्शक मिळतो. प्रस्ताव वसंतात मागवतात, पण निवड होते ती त्या प्रकल्पात आधीच दोन-चार महिने छोटी कामं करून ओळख झालेल्या मुलांची. तेव्हा दिवाळीनंतर लगेच एक प्रकल्प धर. एकच. त्याची कागदपत्रं सुधार, एखादा बग दुरुस्त कर, नकार आला तर कारण विचार. परदेशी कंपनीची घरबसल्या नोकरी दोन-तीन वर्षांच्या अशा कामानंतर शक्य आहे. पदवी घेतल्याघेतल्या फार क्वचित मिळते. आणि मिळाली तरी बहुधा कंत्राटावर, म्हणजे पीएफ नाही, विमा नाही, कराचा हिशोब तुझा तू ठेवायचा. तुझ्या प्रोग्रामरच्या गाठीला अनेक वर्षांची बचत आहे. त्याने नोकरी सोडली तरी त्याला घरभाडं भरता येतं.

ताई, आता तुमच्याकडे येते. जेवताना वाद घालू नका. तिने एखादं मत मांडलं की एवढंच विचारा: हे कशावरून, आणि आपल्याकडे याचा काय परिणाम? पहिल्या आठवड्यात चिडेल. नंतर स्वतःच शोधून आणेल.

तिच्या बाबांचं बँकेचं म्हणणंही मी टाकून देत नाही. क्लार्कची परीक्षा तिच्या स्वभावाला मानवणार नाही असं मला वाटतं. पण बँकांमध्ये आयटी अधिकाऱ्यांची भरती आयबीपीएस या बँकभरतीच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या स्पेशालिस्ट ऑफिसर परीक्षेतून होते, तिला कॉम्प्युटरची चार वर्षांची इंजिनिअरिंग पदवी चालते. आणि रिझर्व्ह बँकेची ग्रेड बी परीक्षा आहे, कुठल्याही शाखेच्या पदवीधराला पदवीत 60 टक्के असतील तर देता येते, वय 21 ते 30. तिच्या दुसऱ्या टप्प्यात आर्थिक आणि सामाजिक प्रश्नांवर आख्खा एक पेपर असतो. व्याजदर, कर, सरकारने कुठे हात घालावा, हेच सगळं. बाबांना सांगा, त्या पेपरची जुनी प्रश्नपत्रिका काढून लेकीसमोर ठेवा, आणि दोघांनी मिळून एक प्रश्न सोडवा. तिने रविवारी लिहिलेलं उत्तर माझ्याकडे पाठवलं तर मी तपासून देईन.