अ‍ॅनिमेशनच्या गटप्रकल्पात गटप्रमुखाने सुरुवात कशी करावी?

सहा विद्यार्थ्यांच्या गटाला एका सत्रात दोन मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट करायचा आहे, गटप्रमुखपद आपल्याकडे आले आहे आणि कामाची वाटणी कशी करावी, असा आपला प्रश्न आहे. अशा प्रकल्पांत मी गटप्रमुख म्हणून काम केले आहे आणि पुढे विद्यार्थ्यांना मार्गदर्शनही केले आहे. त्यावरून माझे ठाम मत असे आहे की, वाटणीच्या आधी चित्रपटाची लांबी गटाच्या ताकदीत बसवणे हे गटप्रमुखाचे पहिले काम आहे.

सेकंदाला २४ फ्रेम (पडद्यावर एकामागून एक दिसणारी स्थिर चित्रे) धरल्या, तर दोन मिनिटांच्या २८८० फ्रेम होतात. हाताने रेखाटताना प्रत्येक चित्र दोन फ्रेम ठेवले, तरी एका पात्राची १४४० चित्रे लागतात. थ्रीडीमध्ये एका फ्रेमच्या रेंडरला, म्हणजे संगणकाने तिचे अंतिम चित्र तयार करण्याला, पाच मिनिटे लागली, तर एका संगणकावर २४० तास, म्हणजे अखंड दहा दिवस जातात, आणि त्यात चूक सापडून पुन्हा रेंडर करण्याचा वेळ धरलेला नाही. हा हिशेब पहिल्याच बैठकीत सर्वांसमोर मांडा. कथा सत्तर सेकंदांत सांगता येत असेल, तर ती तेवढ्यातच सांगावी.

यानंतर सर्वाधिक लक्ष अ‍ॅनिमॅटिककडे द्या. अ‍ॅनिमॅटिक म्हणजे स्टोरीबोर्डची, म्हणजे शॉटवार कथा दाखवणारी कच्ची चित्रे तात्पुरत्या आवाजासह योग्य कालावधीत मांडणे. ती तशी मांडून पाहिली की, कोणता शॉट लांबतो आणि कोणता अनावश्यक आहे, हे स्पष्ट दिसते. या टप्प्यावर शॉट काढला, तर एक रेखाटन वाया जाते. तोच शॉट अ‍ॅनिमेशन पूर्ण झाल्यावर काढला, तर एखाद्या सहकाऱ्याची आठवड्याची मेहनत वाया जाते आणि त्यानंतर त्याच्याकडून पूर्वीच्याच उत्साहाची अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते. म्हणून अ‍ॅनिमॅटिक सर्वांच्या संमतीने अंतिम ठरवा आणि त्यानंतर कथेतले बदल थांबवा. ओठांच्या हालचाली आवाजावरूनच बेतायच्या असल्यामुळे संवादांचे ध्वनिमुद्रणही अ‍ॅनिमेशनपूर्वीच पूर्ण व्हायला हवे.

आता वाटणीविषयी. शॉटचा क्रमांक, लांबी, पात्रे, जबाबदार व्यक्ती आणि सध्याचा टप्पा यांचा एकच तक्ता ठेवा, परंतु सेकंद मोजून समान वाटणी करू नका. दोन पात्रे एकमेकांना मिठी मारतात तो तीन सेकंदांचा शॉट, रिकाम्या पार्श्वभूमीवरून कॅमेरा सरकणाऱ्या आठ सेकंदांच्या शॉटपेक्षा कितीतरी अवघड असतो. स्वतःकडे मात्र कमी शॉट घ्या, कारण फाइली जुळवणे, अडलेल्याला मदत करणे आणि कंपोझिटिंगकडे (पात्रे, पार्श्वभूमी वगैरे थर एकत्र जोडण्याकडे) लक्ष ठेवणे यांत आपला बराच वेळ जाईल.

काम ब्लॉकिंगच्या, म्हणजे फक्त मुख्य पोझ मांडण्याच्या, टप्प्यावरच पाहण्याचा नियम करा. मुख्य पोझ तेवढ्याच असताना केलेली सूचना सहकारी सहज स्वीकारतो. हालचाल गुळगुळीत झाल्यावर केलेली तीच सूचना त्याला जिव्हारी लागते. सूचना नेमकी असावी: ‘चाल बरोबर वाटत नाही’ असे न म्हणता, ‘पाऊल उचलण्याआधी शरीराचे वजन दुसऱ्या पायावर जात नाही’ असे सांगितले, तर समोरच्याला काय दुरुस्त करायचे ते कळते.

फाइलीच्या नावात शॉट क्रमांक आणि आवृत्ती लिहिण्याची पद्धत पहिल्या दिवसापासून पाळा. रेंडर थेट व्हिडिओ फाइलमध्ये न करता चित्रमालिकेच्या स्वरूपात, म्हणजे प्रत्येक फ्रेमची वेगळी चित्रफाइल, असे करा. मध्येच संगणक बंद पडला, तरी उरलेल्या फ्रेमच पुन्हा काढाव्या लागतात.

एखादा सदस्य गप्प झाला, तर त्याच्याशी एकट्याने बोला; बरेचदा त्याला काम टाळायचे नसते, तो कुठेतरी अडलेला असतो. तसेच वेळ अपुरा पडल्यास कोणते शॉट वगळता येतील, याची यादी अ‍ॅनिमॅटिक अंतिम होतानाच सर्वांना विचारून तयार ठेवा, म्हणजे ऐनवेळी कोणाचा शॉट गाळायचा यावरून गटात वाद होणार नाही.