सब्जाचं की सब्ज्याचं?

प्रश्न असा आलाय: फालुद्याच्या एका कृतीत ‘सब्जा’ लिहिलंय, दुसरीत ‘तुळशीचं बी’. दोन्ही एकच का? आणि लिहायचं कसं, ‘सब्ज्याचं बी’ की ‘सब्जाचं’?

एकच नाही. हा घोळ इंग्रजीवरून आलेला. तिकडे सब्जाही बेसिल आणि आपल्या वृंदावनातली तुळसही, ‘होली’ लावून का होईना, बेसिलच. कृती मराठीत उतरवणारा ‘तुळस’ लिहून मोकळा होतो. नातं जवळचं आहे, पण तुळशीची वाळकी मंजिरी तळहातावर चोळली की बी तांबूस-तपकिरी निघतं. सब्जाचं काळं असतं. चमचाभर बी पाण्यात टाका, दहाएक मिनिटांत एकेका दाण्याभोवती धुरकट गोळा जमतो, मधे काळा ठिपका. आम्ही त्याला बेडकाची अंडी म्हणायचो आणि आईच्या शिव्या खायचो. (हल्ली चियालाही कुणी सब्जा म्हणतं. तो मेक्सिकोकडचा, कुळ तुळशीचंच, पण दाणा करडा-पांढरा, चट्ट्यापट्ट्यांचा.)

खरी गंमत पुढेच आहे. सब्जा हे मुळात बीचं नाव नव्हेच. फारसीत ‘सब्ज’ म्हणजे हिरवं, त्यावरून हिरवळीला ‘सब्जा’. हिंदीतली सब्जीही त्याच घरची. म्हणजे नाव हिरव्या रोपाचं, आणि शहरात ते जाऊन चिकटलं काळ्या दाण्याला. गावाकडे सब्जा म्हणजे अजून झाडच. दर्ग्यात गुलाबाबरोबर वाहायचा, कबरीपाशी लावायचा, नाहीतर मरव्यासारखा गजऱ्यात घालायचा. (गजऱ्यात दवणाही असतो, पण तो या कुळातला नाही, शेवंतीच्या गोतातला.) आमच्या आजीला ‘सब्जा भिजत घाल’ म्हटलं असतं, तर तिने डहाळीच तांब्यात उभी केली असती. गुजरातीत बीला स्वतंत्र नाव आहे, तकमरिया. त्यातला ‘तकम’ म्हणजे फारसी तुख्म, अर्थात बी.

आता लेखनाचं. पुल्लिंगी शब्दाच्या शेवटी ‘जा’ असेल, तर सामान्यरूपात तो ‘जा’च राहतो, असा नियम आहे: दरवाजा-दरवाजाला, मोजा-मोजाला. म्हणून ‘सब्जाचं बी’. मरव्याला ही अडचण नाही, तो बिनधास्त ‘मरव्याचा’ होतो. बोलताना मात्र ‘सब्ज्याचं’च तोंडात येतं, माझ्यासुद्धा. वाण्याकडे मी तसंच मागतो.