बौद्ध ध्यान दुकानाच्या गल्ल्यावर टिकतं का?

भाऊ, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. चोपडा तालुक्यात तुमचं कृषी सेवा केंद्र आहे. मोबाईलवर बघून रोज सकाळी ध्यानाला बसता. बसलात तेवढा वेळ बरं वाटतं, पण दुकानाचं शटर वर केलं की अर्ध्या तासात उधारीवरून, घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकावरून डोकं तापतं. म्हणून विचारताय की हे ध्यान संसारी माणसाच्या कामाचं आहे, की भिक्खूंनीच करावं? आणि दहा दिवसांच्या शिबिराला गेल्याशिवाय काही हाती लागत नाही का?

मी यावल तालुक्यात केळी करतो. विपश्यनेची, म्हणजे तुम्ही विचारता त्याच दहा दिवसांच्या बौद्ध ध्यानाची, शिबिरं केली आहेत, घरीही बसतो. गुरुबिरू नाही, तेव्हा शेतकऱ्यानं दुकानदाराला सांगावं तसं सांगतो.

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे, कारण हाच प्रश्न एकानं थेट बुद्धांना विचारून ठेवलाय. कोलिय नावाच्या कुळातला दीघजाणु म्हणून एक गृहस्थ होता. तो म्हणाला, आम्ही बायकापोरांच्या गराड्यात राहणारी माणसं, काशीचं चंदन लावतो, सोनंनाणं हाताळतो, आमच्या भल्याचं काहीतरी सांगा. अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या संग्रहात हा संवाद आहे. बुद्धांनी त्याला या आयुष्यापुरत्या चार गोष्टी सांगितल्या: आपल्या धंद्यात कष्ट आणि कसब, कमावलेल्याची राखण, चांगल्या माणसांची संगत, आणि आवक बघून खर्च. तराजू धरणाऱ्याला पारडं किती झुकलं ते जसं कळतं, तसं आपली आवक-जावक कळली पाहिजे, असा दाखलाही दिला. या चारांत डोळे मिटून बसण्याचं नावसुद्धा नाही. श्रद्धा, शील म्हणजे चांगली वागणूक, दान आणि प्रज्ञा म्हणजे खरी समज, या पुढच्या चार गोष्टी त्यानंतर येतात.

सिगाल नावाच्या तरुणाला तर पैशाची वाटणीच सांगितली आहे. कमाईचे चार भाग करा. एक भाग खा-प्या, दोन भाग धंद्यात घाला, चौथा अडीअडचणीसाठी ठेवा. तुमचे ते धंद्यातले दोन भाग गावभर उधारीत पसरलेत आणि चौथा भाग मुळात बाजूलाच पडत नाही, असा माझा अंदाज आहे. आमच्याकडच्या बहुतेक दुकानांची हीच गत असते. तसं असेल तर निम्मी चिडचिड वहीतून येते आहे आणि ती ध्यानानं जाणार नाही. वही नीट करावी लागेल.

आणि व्यापाऱ्याचा धम्माशी काय संबंध, असं वाटत असेल तर एकदा चाळीसगावहून घाट चढून पितळखोऱ्याच्या बौद्ध लेण्यांना जाऊन या. अजिंठ्याला सगळे जातात, तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. तिथल्या खांबावर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत, त्यात पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाच्या घराण्याचं नाव आहे. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यं विकणारा, चक्क दुकानदार. भिक्खूंनी त्या लेण्यांत बसून ध्यान केलं ते असल्या माणसांच्या गल्ल्यातून आलेल्या पैशावर.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे येतो. सकाळचं बसणं दुकानात का पोचत नाही?

मला वाटतं, तुम्ही ध्यान शांत होण्यासाठी करताय. शांतता येते, पण ती नाशवंत माल आहे, शटर उघडेपर्यंत टिकली तरी खूप. बुद्धांच्या शिकवणीत नेमकं बोट ठेवलंय ते वेदनेवर. इथं वेदना म्हणजे फक्त दुखणं नव्हे, अंगावर जे जे जाणवतं ते सगळं: सुखद, दुःखद, आणि धड हे ना धड ते. काही ऐकलं, पाहिलं की अंगात काहीतरी उमटतं. त्या उमटण्यातून हवं-नकोची ओढ तयार होते, तिलाच तृष्णा म्हणतात. मग तोंड उघडतं, हात चालतो. ही साखळी तोडायची जागा वेदना आणि तृष्णा यांच्या मध्ये आहे. शिव्या तोंडातून निघाल्यावर पश्चात्ताप करत बसलात तर फार उशीर झालेला असतो.

माझ्या धंद्यातलं सांगतो. बाग कापणीला आलेली असते. बाजाराच्या बोर्डावर केळीचा एक भाव लागतो आणि व्यापारी बांधावर येऊन क्विंटलमागे त्याच्यापेक्षा कमी सांगतो. माल पिकायला लागलेला, थांबवता येत नाही, हे त्यालाही माहीत आणि मलाही. त्या क्षणी आधी कानाच्या पाळ्या गरम होतात, मग छातीत दाटतं, मग जबडा आवळतो. शब्द त्यानंतर येतात. शिबिरात ज्याचा सराव होतो तो नेमका हे ओळखण्याचा. ती गरमी असते, वाढते, थोड्या वेळानं उतरते. तिला दाबायचं नाही आणि तिच्यामागे धावायचंही नाही. दोन-तीन श्वास तिच्याकडे लक्ष राहिलं की बोलणं बदलतं. भाव काही वाढत नाही हो, व्यापारी माझ्या श्वासाला घाबरत नाही! पण तेवढ्यात आठवतं की दुसऱ्या व्यापाऱ्याला फोन करता येतो, किंवा अर्धाच माल आज कापता येतो. डोकं तापलेलं असताना हे सुचत नाही.

उलट बाजूही बघा, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. भाव चढला की अंगात जी लहर येते तीसुद्धा वेदनाच आहे, सुखद. आमच्या पट्ट्यात रागापेक्षा त्या लहरीनं जास्त घरं कर्जात गेली असतील. एका हंगामाच्या भावावर पाच वर्षांचे हप्ते बांधून घेतात. तुमच्या दुकानात हे जूनमध्ये होतं, पेरणीच्या तोंडावर, दुकानापुढे रांग असते तेव्हा. त्या आठवड्यात राग येणार नाही, मजा येईल. तेव्हाही अंगाकडे बघा.

त्या रांगेवरूनच पुढचं सांगतो, जरा कडू लागेल. युरियाची टंचाई असली की त्याच्याबरोबर नको असलेलं दुसरं काहीतरी गळ्यात मारतात, लिंकिंग म्हणतात त्याला. तुम्ही करता असं मी म्हणत नाही. वरून दबाव असतो हेही ऐकून आहे. पण दिवसभर लिंकिंग करायचं आणि सकाळी श्वास बघायचा, हे जुळत नाही. मन बसल्यावर स्वस्थ होत नाही ते बरेचदा अशा कारणांनी. बुद्धांच्या मार्गात शील आधी, समाधी नंतर आणि मग प्रज्ञा, हा क्रम उगाच नाही. आमच्या गावच्या विहारात आधी त्रिसरण-पंचशील होतं. बाबासाहेबांनी 1956 मध्ये नागपूरला दीक्षा दिली तेव्हापासून विहाराभोवतीच्या वस्तीतल्या घरांत धम्म आला तो असाच, वागणुकीतून आणि माणुसकीतून. त्यातले काही जाणते लोक विपश्यनेकडे जरा संशयानं बघतात. माणूस डोळे मिटून बसला की अन्यायाकडेही डोळे मिटतो, असं त्यांचं म्हणणं. मी शिबिरं केलेला माणूस असूनही मला त्यात तथ्य दिसतं. स्वतःच्या मनःशांतीपलीकडे काही बघायचंच नसेल तर तो झोपेच्या गोळीचाच प्रकार झाला.

तुम्ही विचारलं नाही, पण कृषी केंद्रवाल्याला आज ना उद्या पडणारा प्रश्न आहे. उपासकानं, म्हणजे बुद्धांच्या संसारी अनुयायानं, करू नयेत असे पाच व्यापार सांगितलेत: शस्त्रं, प्राणी, मांस, मद्य आणि विष. मग कीटकनाशकं? मी तुमच्यासारख्यांकडूनच फवारणीचं औषध घेतो, तेव्हा तुम्हाला दोष देऊन मी मोकळा होऊ शकत नाही. माझं मत असं की तुमच्या हातात आहे तेवढं स्वच्छ ठेवा. गरज नसलेलं तिसरं औषध पंपात मिसळायला सांगू नका. डब्यावरचा त्रिकोण लाल आहे, पिवळा आहे, निळा की हिरवा, आणि त्याचा अर्थ काय, ते गिऱ्हाइकाला दाखवा, लाल सगळ्यात जहाल. फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही तेही सांगा. आणि ओळखीचा माणूस उतरल्या चेहऱ्यानं, कुठल्या पिकाला हवंय ते न सांगता बाटली मागायला आला, तर बाटली देऊ नका. त्याला आत बसवा, चहा मागवा, घरच्यांना बोलावून घ्या. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, तो नंबर काउंटरवर चिकटवून ठेवा. समोरच्याचा चेहरा वाचण्याइतकी सावधता दुकानात आली, तर तुमचं सकाळचं बसणं कामी आलं असं मी म्हणेन.

उधारीबद्दल. बोलावं कसं याच्या पाच कसोट्या बुद्धांच्या एका सुत्तात, म्हणजे उपदेशात, आहेत: वेळेवर, खरं, गोड शब्दांत, उपयोगाचं आणि मैत्रीच्या भावनेनं. वाचताना हे भाबडं वाटतं, पण वसुलीला लावून बघा. वेळेवर म्हणजे त्याचा कापूस विकला गेलाय त्या आठवड्यात, पोळ्याच्या आदल्या दिवशी नव्हे. चार माणसांत तर नाहीच. खरं म्हणजे वहीतला आकडा, वाढवून सांगितलेला नाही आणि ‘राहू द्या, बघू’ असा खोटा मोठेपणाही नाही. उपयोगाचं म्हणजे हप्ते पाडून द्या, तारखेसकट. मैत्रीची भावना म्हणजे उधारी सोडून देणं, असा गैरसमज नको. नाही म्हणणंसुद्धा मैत्रीनं जमतं. ज्याची दोन वर्षांची बाकी आहे त्याला यंदा रोखीनंच द्या आणि ते हसून सांगा.

राहुलला, म्हणजे स्वतःच्या मुलाला, बुद्धांनी सांगितलं होतं की काहीही करण्याआधी, करताना आणि केल्यावर तपासून बघ, यानं माझं किंवा दुसऱ्याचं वाईट होतंय का. बोलण्यालाही हेच लागू. दुकान बंद करताना गल्ला मोजता ना? तेव्हाच दिवसभरातलं एक बोलणं आठवून तपासा, एवढं पुरे. सगळा दिवस तपासायला बसलात तर तोच नवा ताप होईल.

बसण्याच्या पद्धतीबद्दल फार सांगत नाही, ते शिकून घेण्याची गोष्ट आहे. सुरुवात आनापानानं करतात: नाकपुड्यांपाशी आत येणारा, बाहेर जाणारा श्वास आहे तसा बघायचा. लांब करायचा नाही, मोजायचा नाही, मंत्र नाही. मन पळालं की कुरकुर न करता परत आणायचं. पहाटेच बसलं पाहिजे असं काही नाही. आमच्याकडे शेतीची लाइट ज्या आठवड्यात रात्रीची असते, तेव्हा मी मोटर चालू करून बांधावरच बसतो, कारण त्या दिवसांत पहाट झोपेची असते. आपल्या मे महिन्यात पत्र्याखाली बसून तपश्चर्याही करू नका, पंख्याखाली बसा. महासतिपट्ठान सुत्तात तर चालताना, उभं राहताना, खाताना, बोलताना, गप्प असतानाही जागृत राहायला सांगितलंय. तुमच्या दुकानात त्यासाठी एक खूण ठरवा. फोन वाजला की उचलण्याआधी एक श्वास, एवढंच. दिवसातून कितीतरी वेळा वाजत असेल.

राहिलं शिबिर. ते केल्याशिवाय काहीच होत नाही असं नाही, पण एकदा करावं असं माझं मत आहे, कारण वेदना बघायला तिथंच शिकवतात, मोबाईलवरच्या मार्गदर्शनात तो भाग बहुतेक सुटतो. सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशात ऊ बा खिन यांच्याकडे हे शिकले आणि 1969 पासून भारतात शिकवू लागले. ऊ बा खिन स्वतः तिथल्या सरकारात महालेखापाल होते, नोकरी आणि संसार सांभाळून शिकवणारे, हे तुमच्यासाठी मुद्दाम सांगतो. शिबिरात पहाटे चारला उठवतात, मोबाईल जमा होतो, नऊ दिवस मौन असतं. साडेतीन दिवस फक्त श्वास, चौथ्या दिवसापासून विपश्यना, म्हणजे अंगावरच्या वेदना बघणं, दहाव्या दिवशी मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं. तिसऱ्या दिवशी पळून जावंसं वाटतं, सगळ्यांनाच वाटतं, थांबा. राहण्या-जेवण्याचे पैसे घेत नाहीत, शेवटी इच्छा झाली तर दान. मानसिक आजारासाठी औषधं चालू असतील तर अर्जात खरं लिहा आणि आधी डॉक्टरांना विचारा, तिथं उपचार होत नाहीत.

इगतपुरीचं धम्मगिरी मोठं आहे, पण आपल्याला धुळ्याजवळ तिखीला धम्म सरोवर जवळ पडतं. अर्ज ऑनलाइन असतो. तुमचा खरिपाचा आणि रब्बीचा हंगाम सोडून फेब्रुवारी-मार्चमधली तारीख बघा, आणि त्या दहा दिवसांसाठी दुकानाच्या चाव्या कुणाकडे द्यायच्या ते आधी ठरवा, नाहीतर तिथं बसूनही स्टॉकच मोजत राहाल.